गुडघ्याखालची उशी

मी लोकांचे गुडघे वाकवते. पोटापाण्याचा धंदाच तो. शिक्षणाचं नाव फिजिओथेरपिस्ट, पण आमच्या जळगावात, पिंप्राळ्यात, ते अख्खं नाव घेण्याचे कष्ट कुणी घेत नाही. कुणी 'व्यायामवाली ताई' म्हणतं, कुणी 'मशीनवाल्या मॅडम', आणि ज्यांचा गुडघा मी नुकताच वाकवलेला असतो ते जे म्हणतात, ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नसतं.

या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, माझ्याकडे गुडघ्यांशिवाय सांगण्यासारखं काही नाही. खांदे येतात, कंबरा येतात, लकवा झालेली माणसं येतात, पण आयुष्याचा मोठा भाग गेला तो गुडघ्यांत. आणि आता हे लिहिताना माझाच उजवा पाय समोरच्या स्टुलावर लांब केलेला आहे, गुडघ्यावर बर्फाची पिशवी आहे, आणि दिवाळी झाली की त्याचं ऑपरेशन आहे. हसा खुशाल. आमच्या घरातले पण हसले.

थकलेय मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाईच्या लिहिण्यात काही जोम नाही असं नंतर कुणी म्हणायला नको. आमचं काम बाहेरून सोपं दिसतं. पेशंट पलंगावर आरामात आडवा, आणि आम्ही खाली. त्याचा पाय आमच्या मांडीवर नाहीतर खांद्यावर. उकिडवं बसा, गुडघा टेका, जोर लावा, उठा, स्कूटर काढा, पुढच्या घरी जा. आणि पेशंट राहणार कायम वरच्या मजल्यावर. गुडघे दुखणारी माणसं जिन्याच्या घरातच का राहतात, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

माझं माहेर धुळ्याचं. पहिली नोकरीही तिथेच, एका दवाखान्यात. तिथे एक नाना यायचे. रिटायर झालेले, कडक इस्त्रीचे कपडे, हातात पेपर. गुडघे झिजलेले. मी म्हणायची, "नाना, चला, आज पाय उचलायचा व्यायाम करू." नाना चष्म्यावरून बघायचे. "व्यायाम मी घरी करेन, बेटा. तू मशीन लाव." आमच्याकडे मशीन म्हणजे उपचार आणि व्यायाम म्हणजे टाळाटाळ, अशी लोकांची पक्की समजूत. ती तेव्हा होती आणि आजही आहे. मशीनने दुखणं थोडं शांत होतं, पण पाय मजबूत होतो तो हलवूनच. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, गुडघ्याच्या आधी.

एकदा लाईट गेली ती येईचना. नाना मशीनशेजारी वाट बघत बसलेले. मग मीच डाव साधला. म्हटलं, नाना, लाईट येईपर्यंत बसल्या बसल्या पाय तरी सरळ करा. हळूहळू चांगला सगळा व्यायाम करून घेतला. पुढेही लाईट आठवडाभर लपंडाव खेळत राहिली आणि मी माझं काम करून घेत राहिले. नानांचा पाय सुधारला. जाताना खूश होऊन म्हणाले, "मशीन भारी आहे हां तुझं. लाईट नव्हती तरी गुण आला. आत थोडा करंट शिल्लक राहत असेल." मी हात जोडले.

लग्न होऊन जळगावला आले, पिंप्राळ्यात एका गाळ्यात छोटं क्लिनिक टाकलं, आणि सकाळ-संध्याकाळ घरोघरी जायला लागले. नवीन पेशंटला मी पहिला प्रश्न एकच विचारते, "बरं झाल्यावर तुम्हाला काय करायचंय?" आमच्या पुस्तकांत उत्तरं लिहिलेली असतात की चालणं, जिना चढणं, गाडीत बसणं. आमच्या खानदेशात उत्तर वेगळंच येतं. बाई असो, बुवा असो, सगळे म्हणतात, "खाली बसायचंय." पंगतीला बसायचंय, पूजेला बसायचंय, शेतात निंदायला बसायचंय, पापड लाटायला बसायचंय. आणि गुडघा बदलल्यावर डॉक्टर पहिल्यांदा बंद करतात ते नेमकं हेच. म्हणजे आम्ही माणसाला चालतं करायचं, आणि तो रडणार बसण्यासाठी.

नशिराबादचे रशीदभाई गाद्या शिवायचे. मोठी गादी जमिनीवर पसरून, तिच्याभोवती सरकत सरकत लांब सुईने टाके घालायचे. अख्खा जन्म असा जमिनीवर गेलेला. गुडघा बदलून आले तेव्हा पहिलं दुकानाचं विचारतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "मॅडम, नमाज कुर्सी पे पढनी पड रही है. पीछे, कोने में." मी म्हटलं, भाईसाब, दुखणाऱ्याला माफ असतं ना? तर म्हणाले, "अल्लाह को चलता है, मेरे को नहीं चलता." आणि त्या भल्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं.

ते पुन्हा खाली बसले नाहीत. मी त्यांना तसं खोटं कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी दुकानात मोठं टेबल टाकलं आणि उभ्याने शिवायला लागले. माझ्यासाठी मात्र त्यांनी एक वस्तू शिवून दिली. कडक कापसाची, हाताएवढी लांब, गोल गुंडाळी. टाचेखाली ठेवायची. ही गुंडाळी पुढच्या गोष्टीत येणार आहे, म्हणून तिचं काम सांगते.

ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला दोन गोष्टी शिकाव्या लागतात, वाकणं आणि सरळ होणं. सगळे वाकण्याच्या मागे लागतात, पण पाय पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस जन्मभर लंगडतो. दुखऱ्या गुडघ्याला थोडं वाकलेलं राहायला आवडतं. त्याच्याखाली उशी ठेवली की कसं छान वाटतं! जीव थंड होतो. आणि तिथेच घोटाळा होतो. गुडघा त्या उशीवर आखडतो आणि मग ना धड सरळ होत, ना धड वाकत. म्हणून आम्ही उशी काढतो आणि टाचेखाली गुंडाळी ठेवतो. पाय अधांतरी राहतो, आपल्याच वजनाने सरळ होत जातो. दुखतं. फार दुखतं. आमच्या धंद्यात शत्रू कोण विचाराल तर मधुमेह नाही, लठ्ठपणा नाही, ही गुडघ्याखालची मऊ उशी.

ती उशी ठेवतं कोण? प्रेमाची माणसं.

आता इंदुअक्काचं सांगते. धुळ्याकडच्या खेड्यातली बाई, आता पिंप्राळ्यात मुलाकडे राहते, दुसऱ्या मजल्यावर. अर्थातच. अक्का मांडेवाली. बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे पुरणपोळी तव्यावर होत नाही. चुलीवर मातीचं खापर पालथं घालतात. पुरण भरलेला लोण्यासारखा सैल उंडा दोन्ही हातांवर झेलत, मनगटावर, कोपरापर्यंत फिरवत परातीएवढा मोठा करायचा आणि फाटू न देता अलगद त्या खापरावर टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. याला मांडा म्हणतात. येरागबाळ्याला जमत नाही. आखाजी, म्हणजे तुमची अक्षय तृतीया, हा आमचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस आणि मांडे होतात. त्या दिवसांत अक्काला सगळ्या कॉलनीतून बोलावणं असायचं. चुलीपुढे पाटावर बसली की उठायची नाही. त्यातच गुडघे गेले.

हिवाळ्यात अक्काचा डावा गुडघा बदलला. घरी आल्यावर मुलाने मला बोलावलं. गेले तर खोली बायांनी भरलेली. मधोमध पलंगावर अक्का, नव्या नवरीसारखी नटवून बसवलेली. गुडघ्याखाली एक नाही, चक्क दोन उशा. सून मनीषा चमच्याने पेज भरवतेय. हात चांगले असलेल्या बाईला!

मी पिशवी ठेवली आणि माझा नेहमीचा पहिला प्रश्न न विचारताच उशा ओढून काढल्या. अक्काने अशी बोंब ठोकली की एक बाई बिस्किटाचा पुडा टाकून उभी राहिली.

"कोन शे ही बाई? मारस का माले?" अक्का ओरडली.

मी अहिराणीतच सांगितलं, "धुळानी शे मी. मारस नही, उभी करस तुले." माहेरची बोली ऐकली आणि अक्काने मान वळवून मला नीट बघून घेतलं. मग गुंडाळी टाचेखाली गेली आणि बोंब पुन्हा सुरू झाली.

रोज जायची. रोज बघावं तर उशी परत गुडघ्याखाली. काल सांगितलेला व्यायाम झालेला नाही, वॉकर कोपऱ्यात, त्यावर कपडे वाळताहेत. शेवटी माझं डोकं फिरलं. मनीषाला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, "अगं, सासूला बरी करायचीय की पांगळी?" बरंच काही बोलले. पोरगी ओट्याकडे तोंड करून रडायला लागली.

म्हणाली, "ताई, परवा तुमचं ऐकून मी त्यांना वॉकर दिला, एकट्या संडासला गेल्या. समोरच्या काकू बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी खालच्या दुकानात मला विचारतात, काय गं, सासूला एकटीच पाठवते का? तुम्ही जाता निघून. मला इथंच राहायचंय."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं म्हणजे मोठं कर्तव्य. सफरचंद न्यायचं, खुर्चीत बसायचं आणि पहिला प्रश्न टाकायचा, "सून करते ना सगळं?" सासू जितकी कमी हलेल तितकी सून गुणाची. पाणी हातात, ताट हातात, उशी पायाखाली. सगळी कॉलनी मिळून मायेने एका बाईचा पाय आखडवत होती, आणि मी बिचाऱ्या सुनेवर तोंड टाकत होते.

मी म्हटलं, "नाव माझं घे. म्हणायचं, त्या ताईंनी सक्त सांगितलंय, माझा इलाज नाही. बाई फार वाईट आहे म्हण." मनीषाने तसंच केलं, आणि मन लावून केलं. थोड्याच दिवसांत भाजीवालीसुद्धा माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. माझ्या पाठीमागे 'कसाईण' हा शब्द गेलेला मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय. असो. उशी गेली.

पण उशीर झाला होता. पाय सरळ व्हायला लागला, वाकायला मात्र तयार होईना. वाकवणं म्हणजे काय, तर अक्काला पलंगाच्या काठावर बसवायचं, मी खाली गुडघा टेकून बसायचं आणि तिचा पाय हळूहळू मागे ढकलायचा. ती माझ्या खांद्याला गच्च धरायची, देवाची, आईची आणि माझी नावं घ्यायची. मी आपली "झालं अक्का, एवढंच अक्का" करत राहायची. आणि त्याच वेळी माझा टेकलेला गुडघा आतून करकरायचा. उठताना मी पलंगाचा काठ धरून उठायची आणि पिशवी आवरायचं निमित्त करायची. कुणाच्या लक्षात येत नाही असं मला वाटायचं.

तपासणीला डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या वेळेपर्यंत वाकला नाही तर भूल देऊन वाकवावा लागेल. अक्काने घरी येऊन जाहीर केलं, "आते बस व्हयनं. पाय तोडी टाका, पन वाकाडू नका."

मी समजवायला गेले. तेव्हा तिने मला सरळ विचारलं, "एक सांग. आखाजीले मी खापरजोडे खाले बसी सकसू का?" खापराजवळ खाली बसता येईल का, एवढंच तिला हवं होतं. ऑपरेशनला ती तयार झाली होती तीच त्यासाठी.

डॉक्टरांनी घरच्यांना आधीच सांगितलं होतं की आता जमिनीवर बसायचं नाही. घरच्यांनी ते अक्काला सांगितलंच नव्हतं. "होईल, होईल सगळं," म्हणत वेळ मारून नेली होती. वाईट बातमी आजारी माणसाला द्यायची नाही, ही पण आमची मायाच. मी मनीषाकडे पाहिलं, तिने मान खाली घातली.

"नाही अक्का," मी म्हटलं. "खाली नाही बसता येणार. चालशील, जिना चढशील, देवळात जाशील. खाली नाही."

 अक्का म्हणाली, "मंग वाकाडस कसाले?" मग वाकवतेस कशाला? आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मांडा करता नही ऊना तं मी कसानी अक्का? जाय तू. सकाय येऊ नको." मांडाच करता आला नाही तर मी कसली अक्का, उद्या येऊ नकोस.

मी पिशवी उचलली. जिना उतरले, खालच्या पायरीवर बसले आणि रडले. अक्कासाठी रडले, हे म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे मी थकले होते. माझा पाय ठणकत होता. इतकी वर्षं लोकांना दुखवून दुखवून बरं करायचं, शिव्या खायच्या, आणि ज्याला जे हवं ते नेमकं आपल्या हातात नाही, हे रोज कुणाला तरी सांगायचं. त्या दिवशी वाटलं, बस झालं आपलंही. क्लिनिकला कुलूप लावावं आणि पाय लांब करून पडावं. गुडघ्याखाली उशी घेऊन.

बरेच दिवस गेले. उन्हं तापायला लागली. एक दिवस मनीषाचा फोन आला. "ताई, संध्याकाळी गच्चीवर या. पेशंट बघायला नका, पाहुण्या म्हणून या."

गच्चीवर गेले तर अक्काच्या मुलाने कमरेएवढा विटांचा ओटा बांधून त्यावर चूल केली होती. वर खापर पालथं. अक्का एका खुर्चीत, तोंड फुगवून. "उभं राहीसन मांडा व्हस का कधी?" मी दिसल्याबरोबर तिने मला ऐकवलं. म्हणजे बोलणं तरी सुरू झालं. आणि आजूबाजूला त्याच सगळ्या बाया. समोरच्या काकू पण. मनीषाने स्वतः घरोघर जाऊन बोलावून आणल्या होत्या.

मनीषा पदर खोचून चुलीशी उभी राहिली. म्हणाली, "आज मी करते मांडे. कुणीतरी शिकायलाच हवं."

अहो, त्या मुलीने आयुष्यात कधी मांडा केला नव्हता. उंडा घेतला, हातावर टाकला, तो एका बाजूने लोंबायला लागला. सावरेपर्यंत मधून फाटला. पुरण चुलीत. बाया खुदकन हसल्या. दुसरा खापरावर पडला तो घडी होऊन. काकू म्हणाल्या, "हा मांडा आहे की गोधडी?" आता सगळ्याच मोकळ्या हसायला लागल्या. मनीषाचे कान लाल झाले, पण तिने तिसरा उंडा घेतला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हिला मांडा करायचाच नाहीये. लोक नावं ठेवतील म्हणून जी ओट्याकडे तोंड करून रडली होती, तीच आज आपणहून नावं ठेवून घेत होती. 

तिसऱ्या उंड्याला अक्काच्याने राहवलं नाही. "अवं नासाडी करस तू! पीठ घट शे तुनं, पानी लाय!" आणि ती उठली. वॉकर खुर्चीपाशीच राहिला. लंगडत, ओट्याचा काठ धरत पोहोचली, मनीषाला कोपराने बाजूला केलं आणि हात पिठात घातले. 

पहिला मांडा तिचाही फाटला. दुसरा झाला. गोल, पातळ, खापरभर. मी तिच्या हाताकडे बघतच नव्हते, मी आपली पायाकडे बघत होते. सवय. मांडा खापरावर टाकताना माणूस दोन्ही गुडघ्यांत जरा लवतो. अक्का लवत होती. जो पाय ती मला हात लावू देत नव्हती, तो प्रत्येक मांड्याला आपणहून वाकत होता, आणि तिला पत्ताही नव्हता. चार-दोन मांडे झाल्यावर घाम फुटला, तेव्हा धपकन खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "सकाय ये. पाय आजून वाकाडना पडी."

एका संध्याकाळी सगळं जादूसारखं झालं असं समजू नका. असं काही होत नसतं. त्यानंतरही अक्का रडली, मीही चिडले, काही दिवस पाय सुजून बसला, पुन्हा मागे गेलो. पण भूल द्यायची वेळ आली नाही. आणि आखाजीला अक्काने गच्चीवर मांडे केले. पूर्वीइतके नाहीत. थोडे झाले की खुर्चीत टेकायची, पुन्हा उठायची. मधले मांडे मनीषाने केले, आणि ते फाटले नाहीत.

मला जेवायला बोलावलं होतं. गच्चीवर सावलीत पंगत मांडलेली. अक्का खुर्चीत. मला पण खुर्ची देत होते. पण तिची आंडेर, म्हणजे लेक, माहेरी आलेली, सगळ्या खाली बसलेल्या, माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. म्हटलं, मी काय पेशंट आहे का? आणि बसले खाली मांडी घालून.

रस-मांडा पोटभर खाल्ला. उठायला गेले आणि उठताच येईना. गुडघा असा अडकला की घाम फुटला. हसून पाहिलं, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बसले. पंगतीतल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे. लोकांना उठायला शिकवणारी बाई पत्रावळीसमोर अडकून बसलेली. इतकी लाज मला लग्नात उखाणा विसरले तेव्हाही वाटली नव्हती. चार हात पुढे आले.

"कोनी हात देऊ नका!" अक्काचा आवाज. सगळे जागच्या जागी थांबले. ती खुर्चीतून उठून माझ्यापुढे आली. "ओढं तं खांदा उखडी. तूच शिकाडं ना माले? आते मी सांगस तशी ऊठ. कुशीवर व्हय. हात टेक. आते बरा पाय पुढे ले. घाई करू नको."

पडलीस तर कसं उठायचं, हे शिकवतानाचे माझेच शब्द. माझाच तो वैताग आणणारा आवाज, फक्त अहिराणीतला. मी कुशीवर झाले, हात टेकले, डावा पाय पुढे घेतला आणि उठले. अक्काने शेवटपर्यंत हात दिला नाही. उभी राहिल्यावर मात्र माझा खरकटा हात आपल्या पदराने पुसला आणि हळूच विचारलं, "कवयपासून दुखस?"

मी म्हटलं, थोडंसंच आहे.

"माले सांगस का थोडंसं? तू जिनावर ऊनी का तुना पाय माले ऐकू येत. एक पाय टाकस, एक ओढस. हिवाळाफाईन ऐकी राहिनी मी." हिवाळ्यापासून ऐकतेय म्हणाली. मी तिच्या पलंगाचा काठ धरून उठायची तेही तिने पाहिलं होतं. माझ्या खांद्याला धरून शिव्या देत असताना या बाईचं लक्ष माझ्या गुडघ्यावर होतं.

मला तेव्हा रागच आला. घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर काढला. पण शेवटी तपासून घेतलं. फोटोत जे दिसलं ते मला बघायच्या आधीच माहीत होतं. तरी पावसाळा मी असाच ढकलला. लोक घाबरतात कारण त्यांना माहीत नसतं. मी घाबरत होते कारण मला सगळं माहीत आहे. पहिला आठवडा कसा जातो, वाकवताना कुठे जीव जातो, तोंडातून काय काय निघतं. आणि एक भीती तर सांगायलाही लाज वाटते. माझ्यावर जोर कोण लावणार? क्लिनिकमधली मुलगी मला 'मॅडम मॅडम' करते, ती मला दुखवणार नाही. आमचे हे तर माझं तोंड जरा वाकडं झालं तरी डॉक्टरला फोन करतील. सगळी मायेची माणसं. मी आखडून जाईन आणि पुन्हा कुणाच्या पलंगाशी गुडघा टेकता येणार नाही, कामच सुटेल, ही माझी भीती.

परवा दुपारी जिन्यावर पावलं वाजली. अक्का आली होती. एकटीच, रिक्षाने, शेव-चकलीचा डबा घेऊन. ऑपरेशन ठरल्याचं मनीषाकडून कळलं होतं. पाणी प्यायली आणि सरळ आतल्या खोलीत गेली. ह्यांनी ऑपरेशननंतर लागेल म्हणून हौसेने नवी उशी आणून ठेवली होती. मऊ, जाड, कव्हरवर फुलं. अक्काने ती दाबून बघितली.

"हाई कोन लयनं?"

"मी आणली," हे म्हणाले, कौतुकाच्या अपेक्षेने.

 अक्काने पिशवीतून रशीदभाईंची ती गुंडाळी काढली, जी इतके महिने तिच्याकडेच राहिली होती, आणि माझ्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवली. उशी उचलली. "हाई मी ली जास. दवाखानातून तू ऊनी का मी रोज येसू. तू बोंबल, शिव्या दे, माले काय फरक पडस नही."

मी दारापर्यंत लंगडत गेले. "अक्का, कठडा धर गं," मी वरून ओरडले. तिने मागे पाहिलं नाही. मी तिचे पाय बघत राहिले. डावा, उजवा, एका पायरीवर एकच पाऊल, कुठे ओढणं नाही. कठडा तिने धरलाच नाही. दोन्ही हातांत माझी उशी होती.